त्याच्या माघारी नाही

सांगली

प्रिय पोरी,

तासगावच्या त्या मुलाबद्दलचं तुझं पत्र दोनदा वाचलं. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, सिस्टर, तू, आई-वडील आणि चुलते एका खोलीत तासभर बोललात. मुलगा उठताना एवढंच म्हणाला, "तुम्ही ठरवलंच आहे की." पुढच्या तारखेला तो आलाच नाही. बैठकीत काय चुकलं, असं तू विचारतेस. बैठकीत नाही गं. त्याच्या आधी तुम्ही आईला बाजूला घेऊन सगळं ठरवून टाकलंत, तिथे चुकलं.

मुलाच्या माघारी त्याच्याबद्दल काही ठरवायचं नाही. एवढंच मला सांगायचं आहे.

फिनलंडच्या पश्चिम लॅपलंडमध्ये 1980 च्या दशकापासून हे चालत आलंय. ते त्याला 'ओपन डायलॉग' म्हणतात. फोन आला की 24 तासांत टीम भेटते, शक्यतो घरीच. डॉक्टरांना आपसात बोलायचं असेल, तर तेही पेशंटच्या समोर बोलतात. आपल्याकडे तेवढी माणसं नाहीत, असं तू म्हणशील. मग अमृतसर बघ. 1950 च्या दशकात डॉ. विद्या सागर यांनी मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना पेशंटजवळ राहायला लावलं. माणसं त्यांच्याकडे तरी कुठे पुरेशी होती!

मी इतकी हट्टाने का बोलते, ते सांगते. बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. बारावीतली एक मुलगी होती, खाणं-बोलणं बंद केलेली. मी तिच्या आईशी व्हरांड्यात बोलले. दाराला काच होती. मुलगी आतून आमचे हलणारे ओठ बघत होती. नंतर मी कितीही प्रेमाने बोलले, तरी तिने मान वर केली नाही. ती पुन्हा आली नाही. तेव्हा मी एकटीच सोशल वर्कर होते, रांग जिन्यापर्यंत गेलेली असायची. तिला गोळ्यांची गरज होती, हे माझं म्हणणंही बरोबर होतं. आजही मी तेच म्हणेन. पण बरोबर असून काय उपयोग झाला? ती काच मला अजून दिसते.

तो अठराच्या आत आहे, म्हणून पालकांशी बोललं की झालं, असं तू लिहितेस. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे पालक त्याचे नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याच्या बाजूने उभे राहणारे, आहेत, खरं आहे. म्हणून त्याला खोलीबाहेर बसवायचं का? त्याच्या जिवाला धोका वाटला, तर आई-वडिलांना सांगावंच लागेल, तिथे गुप्ततेचा घोळ घालू नकोस. पण आधी त्याला सांग: "हे मी तुझ्या घरी सांगणार आहे, तू सोबत बस." सांगणं तेच असतं, पण ते त्याच्यासमोर झालेलं असतं. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर आईच्या मोबाईलमध्ये घालून दे आणि त्याच्याही. रात्री दोन वाजता तू तिथे नसणार.

आणि वडिलांवर चिडलीस, ते मला आवडलं नाही. "त्यांना पोराची पर्वा नाही" हे वाक्य खोड. ऑक्टोबर छाटणी झालीय, पाऊस झाला की द्राक्षावर डाऊनी रोग येतो, तो माणूस पहाटेपासून फवारणीच्या मागे असणार. आपली ओपीडी सकाळची. त्यांनी बाग सोडून यावं आणि आपण खुर्ची सोडू नये, हा कुठला न्याय? संध्याकाळी तू जा.

जायच्या आधी आईला नको, मुलालाच फोन कर. कोण यावं, कोण नको, हे त्याला विचार. चुलते नकोत म्हणाला, तर चुलत्यांना तू समजाव, ते काम त्याच्यावर टाकू नकोस. आजी हवी म्हणाला तर आजी. डॉक्टरांचं मत तिथे सगळ्यांसमोर वाच. ते चुकीचं वाटलं, तर त्याला तसं म्हणू दे आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत केसपेपरवर लिही. तो गप्प राहिला तरी बसून राहा, चहा घे.

आल्यावर मला कळव. पण आधी त्याला विचार, मला सांगितलं तर चालेल का.

तुझी,
मावशी