क्लास सोडू का, असं विचारलंस म्हणून

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लहानपणापासून पियानो शिकतेस, आता स्टेजवर वाजवायला मिळतंय आणि पुढं म्युझिक प्रोड्युसर, म्हणजे गाणं रेकॉर्ड करून घडवणारी, व्हायचंय, म्हणून विचारतेस की ताई, क्लास बंद करून तो वेळ रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर शिकायला देऊ का. सरळ सांगते, नको. सॉफ्टवेअर येईल गं, कुठलं बटण कुठं ते काही महिन्यांत हाताला बसतं, पण कान तयार व्हायला वर्षं लागतात आणि तुझा कान सध्या त्या क्लासमध्येच तयार होतोय, तुला आत्ता जाणवत नसलं तरी.

आता हेच बघ. डाव्या हातानं अगदी खाली सी आणि त्याच्या जवळचाच ई एकत्र दाबला की शिक्षक थांबवतात, ई वरच्या सप्तकात घे म्हणतात. मलाही लहानपणी एवढंच सांगायचे, कारण कुणी सांगितलं नव्हतं, ते कळलं खूप नंतर, मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवायचं काम, करायला लागल्यावर. तो खालचा सी साधारण 65 हर्ट्झचा (सेकंदाला 65 कंपनं), ई 82 चा, आणि दोघांचे ओव्हरटोन्स, म्हणजे मूळ सुराबरोबर आपोआप उमटणारे वरचे सूर, 150 ते 400 हर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर चढतात, म्हणून आवाज गढूळ होतो. आणि मिक्समध्ये बेस, गिटार, कीबोर्डचा डावा हात, गायकाच्या आवाजाचा खालचा भाग, सगळे याच पट्ट्यात गर्दी करतात! लोक मग ईक्यू (ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करायचं साधन) घेऊन तासन्‌तास कापत बसतात, पण ज्याला व्हॉइसिंग, म्हणजे कुठला सूर कुठल्या सप्तकात ठेवायचा ते, कळतं तो म्हणतो कीबोर्डचा सूर एक सप्तक वर घे, आणि निम्मं काम तिथंच होतं. मला विचारशील तर प्रोडक्शनचा मोठा भाग हाच आहे, कुणी कुठं वाजवायचं आणि कुणी गप्प बसायचं ते ठरवणं.

रियाज हळू कर, हे तू शंभरदा ऐकलं असशील, पण का ते ऐक. हात चूक आणि बरोबर यात फरक करत नाहीत, जे पुन्हा पुन्हा कराल ते पक्कं होतं, म्हणजे वेगात चुकत वाजवलं की चूकच पाठ होते. म्हणून मेट्रोनोम (लयीची टिकटिक देणारं यंत्र) अशा वेगाला लाव जिथं एकही सूर चुकत नाही, मग तो कितीही कंटाळवाणा वाटू दे, आणि तिथून थोडा थोडा वाढव. एका दिवशी चार तास बसून नंतर आठवडाभर सुट्टी घेण्यापेक्षा रोज थोडा वेळ बसलेलं बरं, कारण शिकलेलं झोपेत मुरतं, त्यामुळे मधल्या रात्री पण कामाच्या असतात.

स्टेजचा रियाज मात्र वेगळा करावा लागतो, आणि हे बहुतेक क्लासमध्ये शिकवत नाहीत. घरी चुकलं की आपण मागे जाऊन दुरुस्त करतो, स्टेजवर तसं करता येत नाही, म्हणून रोज एकदा तरी अख्खं गाणं न थांबता वाजव, चुकलं तरी पुढं जा. धडधड वाढली की लय पळते, सगळ्यांचीच पळते, त्यावर उपाय म्हणजे सुरू करण्याआधी पहिली ओळ मनात योग्य लयीत गाऊन घ्यायची आणि मगच कीबोर्डला हात लावायचा. आणि ड्रमर पाच मीटर लांब बसला असेल तर त्याचा आवाज तुझ्यापर्यंत साधारण 15 मिलिसेकंद उशिरा येतो, हवेत आवाजाचा वेगच तेवढा असतो, म्हणून मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांसाठीचा स्पीकर, जवळ मागून घे, लाजू नकोस, आणि अधूनमधून त्याच्या हाताकडे बघत जा.

कानांची काळजी आत्तापासून घे, हे मी हात जोडून सांगते. 85 डेसिबल आवाजात आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि त्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं. बँडची प्रॅक्टिस सहज तिथं पोचते. म्युझिशियन्ससाठीचे इअरप्लग मिळतात, त्यात सगळ्या फ्रिक्वेन्सी साधारण सारख्याच कमी होतात, वाजवायला अडचण येत नाही. गेलेलं ऐकणं परत येत नाही गं.

रेकॉर्डिंग सुरू करशील तेव्हा फार सामान लागत नाही. 24 बिटवर (आवाज किती बारकाईनं साठवायचा त्याची सेटिंग) घेतेस तर लेव्हल मीटरच्या शून्याला, म्हणजे कमाल मर्यादेला, टेकवायची गरज नाही, भरपूर जागा सोड. वाजवताना बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, कमी ठेव, 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पल म्हणजे तीनेक मिलिसेकंदांचा उशीर, आणि मिक्स करताना वाढव. दोन मिक्सची तुलना करताना दोन्ही एकाच आवाजात ऐक, कारण मोठ्या आवाजातलं आपल्याला उगाचच जास्त चांगलं वाटतं, बेस आणि ट्रेबल, म्हणजे अगदी खालचे आणि वरचे सूर, दोन्ही जास्त ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं होतं, तरी रोज कुणी ना कुणी फसतं. आणि मिडीमध्ये (कुठली पट्टी कधी दाबली याची डिजिटल नोंद) वाजवलेलं सगळं ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या काटेकोर मात्रांवर, शंभर टक्के ओढू नकोस, इतकी वर्षं हातात आणलेली लय एका क्लिकमध्ये पुसायची म्हणजे काय!

कुणाबरोबर गाणं केलंस तर कोणी काय केलं आणि कुणाचा किती वाटा, ते त्याच दिवशी लिहून दोघांनी सही करा. मैत्री असली तरी.

आता एक काम कर. सध्या क्लासमध्ये जे चाललंय ते न थांबता वाजव, फोनवर रेकॉर्ड कर, दुसऱ्या दिवशी ऐक आणि तुला स्वतःला काय खटकलं ते लिहून दोन्ही मला पाठव. पुढचं त्यावरून बोलू.

तुझी,
ताई