ग्रहांच्या वरच्या वातावरणावर पीएचडीसाठी परदेशी जाण्याआधी

आपला प्रश्न असा आहे की भौतिकशास्त्रात एमएस्सी केल्यानंतर, अंतराळयानांवरील मास स्पेक्ट्रोमीटरच्या (वायूचे घटक वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाच्या) आधारे मंगळ किंवा शुक्राच्या वरच्या वातावरणाचा अभ्यास करायचा असेल, तर पीएचडीसाठी अमेरिकेत जावे की युरोपात, आणि कोणत्या मोहिमेचा गट निवडावा. मी याच विषयासाठी देश सोडला आणि युरोपात स्थायिक झालो, त्यामुळे माझा कल एका बाजूला असणार हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे. देश आणि मोहीम या दोन्हींच्या आधी आपण हे ठरवायला हवे की उपकरणाला हात लावायचा आहे, की त्याने पाठवलेल्या आकड्यांवर काम करायचे आहे.

नुसत्या आकड्यांसाठी देश सोडण्याची गरज नाही. मंगळाच्या वरच्या वातावरणासाठी पाठवलेल्या नासाच्या मेव्हन यानावरील एनजीआयएमएस या मास स्पेक्ट्रोमीटरची मोजमापे प्लॅनेटरी डेटा सिस्टिम या नासाच्या संग्रहावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. शनीच्या टायटन या उपग्रहाजवळून वारंवार गेलेल्या कॅसिनी यानावरील आयएनएमएस या तशाच उपकरणाचीही तीच गोष्ट. आपल्या मंगळयानावर तिरुवनंतपुरमच्या अंतराळ भौतिकी प्रयोगशाळेने बनवलेले मेन्का हे याच प्रकारचे उपकरण होते. मंगळयान आणि मेव्हन 2013च्या नोव्हेंबरमध्ये निघून 2014च्या सप्टेंबरमध्ये दोनतीन दिवसांच्या अंतराने मंगळावर पोहोचले. तेव्हा परदेशी जायचे ते आकड्यांसाठी नव्हे, तर ते कसे वाचायचे हे जाणणाऱ्या माणसांसाठी, आणि तसलेच उपकरण जिथे निर्वात कक्षात चालू आहे त्या खोलीसाठी.

हे का महत्त्वाचे, ते एका उदाहरणावरून दिसेल. एनजीआयएमएस हा क्वाड्रुपोल प्रकारचा मापक आहे: चार दांड्यांवर बदलता आणि स्थिर असा दोन्ही प्रकारचा विद्युतदाब देऊन एका वेळी एकाच वस्तुमान-प्रभार गुणोत्तराचे आयन पुढे सोडायचे. त्यात 28 या वस्तुमानावर संकेत मिळाला, तर तो नायट्रोजनचा असू शकतो, मंगळाच्या हवेतल्या कार्बन मोनॉक्साइडचा असू शकतो, किंवा इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने उपकरणातच फुटलेल्या कार्बन डायऑक्साइडचा तुकडाही असू शकतो. हा गुंता सोडवण्यासाठी 12 (कार्बन), 14 (नायट्रोजनचा अणू) आणि 44 (कार्बन डायऑक्साइड) या वस्तुमानांवरचे संकेत सोबत घ्यावे लागतात, आणि कोणता रेणू किती प्रमाणात कसा फुटतो याचे त्या विशिष्ट उपकरणाचे गुणांक हाताशी असावे लागतात. हे गुणांक पाठ्यपुस्तकातून उचलता येत नाहीत. उड्डाणापूर्वी एकेक वायू आत सोडून ते मोजलेले असतात.

त्यात भर पडते ती वेगाची. मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे 150 किलोमीटरवर मेव्हन सेकंदाला चार किलोमीटरहून अधिक वेगाने जात असे, म्हणजे समोरून येणारा कार्बन डायऑक्साइडचा रेणू जवळपास चार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने येऊन धडके. बंद आयन-स्रोतात (वायूचे आयन जिथे बनतात त्या भागात) तो आधी एका छोट्या कक्षाच्या भिंतींवर आपटून शांत होतो आणि मग मोजला जातो. अरगॉनसारख्या निष्क्रिय वायूला हे उत्तम मानवते, कारण कक्षात दाटी झाल्याने संकेत बळावतो. ऑक्सिजनचा सुटा अणू मात्र भिंतीला चिकटतो, तिथे जोडीदार शोधतो आणि रेणू होऊन बाहेर पडतो; म्हणून त्याच्यासाठी भिंतीला न शिवता जाणारा उघडा स्रोत वेगळा ठेवलेला असतो. शिवाय यान खाली उतरताना भिंतींनी शोषलेला वायू वर चढताना हळूहळू सुटत राहतो, त्यामुळे अभिक्रियाशील घटकांसाठी उतरतानाचीच मोजमापे घेणे शहाणपणाचे असते. दोन्ही बाजूंची सरासरी काढून प्रबंध लिहिणारा विद्यार्थी हुशार असला तरी भिंतीचे मोजमाप मंगळाच्या नावावर खपवत असतो.

आणि ही काटेकोर मेहनत फळाला येते. होमोपॉजच्या, म्हणजे ज्या उंचीपर्यंत हवा ढवळून एकजीव राहते त्या पातळीच्या, वर प्रत्येक वायू आपापल्या वजनाप्रमाणे वेगळा होत जातो, त्यामुळे हलका अरगॉन-36 उंचावर तुलनेने जास्त उरतो आणि तोच जास्त निसटतो. अरगॉन कशाशीही संयोग पावत नसल्याने तो जाण्याची मुख्य वाट अवकाशाकडेच असते. याच तर्काने 2017 मध्ये मेव्हनच्या गटाने अरगॉन-38 आणि अरगॉन-36 यांच्या गुणोत्तरावरून असे दाखवले की मंगळाने आपला सुमारे 66 टक्के अरगॉन गमावला आहे. शुक्राचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. 1978 मध्ये नासाच्या पायोनियर व्हीनस मोहिमेचा मोठा प्रोब खाली उतरत असताना ढगातल्या सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबाने त्याच्या मास स्पेक्ट्रोमीटरचे तोंड बुजले. त्याच थेंबातल्या पाण्याच्या संकेतावरून शुक्रावर ड्युटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, प्रमाण पृथ्वीच्या सुमारे शंभरपट असल्याचे निघाले; हलका हायड्रोजन आधी निसटतो आणि जड मागे उरतो, त्यामुळे त्या ग्रहाने पुष्कळ पाणी गमावले असावे या कल्पनेला आधार मिळाला. उपकरण आतून ठाऊक असल्याशिवाय असा बिघाड वाचता येत नाही.

आता अमेरिकेविषयी. तिथे कामाचा आवाका सर्वांत मोठा आहे: एनजीआयएमएस बनवणारे गॉडार्ड केंद्र, मेव्हनचे विज्ञान सांभाळणारी कोलोरॅडो विद्यापीठाची बोल्डरमधील प्रयोगशाळा, आणि आयएनएमएस ज्यांच्या नेतृत्वाखाली चालले ती सॅन अँटोनियोची साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट, जिचा तिथल्याच टेक्सास विद्यापीठासोबत संयुक्त पीएचडी कार्यक्रम आहे. मात्र अंतराळ उपकरणांचे बरेच तंत्रज्ञान निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यांखाली येते, आणि परदेशी नागरिकाला अमेरिकेतच बसून आराखडा दाखवणे हीसुद्धा निर्यातच मानली जाते. प्रकाशित आकड्यांवर काम करणाऱ्याला याची झळ लागत नाही. उड्डाणाच्या उपकरणावर काम करू इच्छिणाऱ्याला दार अनेकदा बंद आढळते, आणि ग्रीन कार्ड मिळेपर्यंत ते सहसा उघडत नाही. हे प्रवेशपत्रात कोणी लिहीत नाही.

युरोपात गट कमी आहेत, पण हातात पाना लवकर येतो. धूमकेतूकडे गेलेल्या रोझेटा यानावरचे रोसिना हे मास स्पेक्ट्रोमीटर असलेले उपकरण बर्न विद्यापीठाने उभे केले, आणि 2023 मध्ये गुरूकडे निघालेल्या ज्यूस यानाच्या पीईपी या उपकरणसंचातला विद्युतभाररहित वायूंचा मापकही तिथलाच. त्या संचाचे नेतृत्व स्वीडनमधील किरुनाच्या अंतराळ भौतिकी संस्थेकडे आहे. स्वित्झर्लंड आणि स्वीडनमध्ये पीएचडी ही पगारी नोकरी असते, जागा जाहिरातीने भरल्या जातात आणि अमेरिकेसारखी दीडदोन वर्षे वर्गात जात नाहीत. त्याची दुसरी बाजू अशी की पाया कच्चा असेल तर तो भरून काढायला कोणी थांबत नाही.

मोहिमेच्या नावावर भाळू नये. ज्यूस 2031 मध्ये गुरूपाशी पोहोचेल, नासाचे युरोपा क्लिपर 2030 मध्ये. आज सुरू केलेला प्रबंध त्या आकड्यांची वाट पाहू शकत नाही. अशा गटात जायचेच असेल तर प्रबंध कॅलिब्रेशनवर (उपकरणाचे गुणांक मोजून ठरवण्यावर) किंवा जुन्या मोहिमेच्या मोजमापांवर बेतलेला आहे ना, हे लेखी विचारून घ्यावे.

अर्ज करण्यापूर्वी मेव्हनच्या एखाद्या कक्षेची फाइल उतरवावी, अरगॉनची घनता उंचीनुसार मांडून तिच्या उतारावरून तापमान काढावे, आणि प्राध्यापकांना लिहिताना तो आलेख जोडून त्यात काय खटकले ते दोन ओळींत सांगावे. स्तुतीने भरलेल्या पत्रापेक्षा याला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. मुलाखतीत आपण दोन प्रश्न अवश्य विचारावेत: उड्डाणाच्या उपकरणाची जुळी प्रत जमिनीवर चालू स्थितीत आहे का, आणि माझ्या पासपोर्टवर मला तिच्यापाशी जाता येईल का. उत्तर गोलमाल आले, तर त्याच गटातल्या एखाद्या परदेशी विद्यार्थ्याला गाठून तेच दोन प्रश्न पुन्हा विचारावेत.