गॅरेजमधला सीटबेल्ट

मावशी म्हणून पत्र लिहिलंस, तेव्हा अगं-तुगंच करते. पत्रात चार प्रश्न आहेत, पण मी पहिल्यातच अडकले. "नवरा रोज सकाळी साडेआठला गॅरेजमध्ये गाडीत बसतो, सीटबेल्ट लावतो आणि सासूबाईंना व्हिडिओ कॉल करतो. त्यांना वाटतं, हा ऑफिसला निघालाय. नोकरी जाऊन तीन आठवडे झाले."

अगं बाई! बंद गॅरेजात सीटबेल्ट! तिकडे संध्याकाळचे सहा वाजलेले, सासूबाई देवापाशी दिवा लावून पोराचं तोंड बघायला बसलेल्या, आणि इकडे न्यू जर्सीत हा जागच्या जागी "आज फार ट्रॅफिक आहे गं" म्हणतोय. मला हसू आलं आणि पोटात तुटलंही.

पुढे लिहितेस, "त्याचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांना कशाला घोर लावायचा?" हे मी इतक्या पत्रांत वाचलंय की आता रागच येतो. घोर हे निमित्त गं. दहावीपासून घरी फक्त चांगला निकाल सांगायची सवय लागलेल्या हुशार मुलाच्या तोंडून "मला काढलं" निघत नाही, एवढंच.

बरं, तो एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आणि तू एच-४वर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर. नोकरी सुटल्यापासून अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त ६० दिवस, आय-९४ (तिथे राहायची मुदत दाखवणारी सरकारी नोंद) त्याआधी संपत असेल तर त्याहून कमी. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज दाखल करायला हवा, नाहीतर दुसऱ्या व्हिसासाठी तुम्ही, नाहीतर बॅगा भरायच्या. त्यातले तीन आठवडे गाडीत बसून गेले! आणि तू लिहितेस, "मंडळाचे गेले दोन कार्यक्रम आजारपण सांगून टाळले." त्या मंडळातले निम्मे लोक आयटीत असतील. रेफरल द्यायचं तर त्यांना कळायला नको? झाकलेल्या मुठीत कुणी काही ठेवूही शकत नाही.

आमच्या घरातलं सांगते. माझा धाकटा दीर २००१ मध्ये कॅलिफोर्नियात होता, डॉटकॉमचा फुगा फुटला तेव्हा. आज मिळतात ते ६० दिवसही तेव्हा नव्हते, ते २०१७ पासून आले. त्यानेही लपवलं, आणि एक दिवस फोनवर सासऱ्यांनी "आवाज असा का?" विचारल्यावर धरणच फुटलं. सासरे गिरणीत कारकून होते. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "८२ च्या संपात मी 'दुसरीकडे लागलोय' सांगून रोज डबा घेऊन निघायचो. परळच्या बागेत बसून खायचो. तुझ्या आईला माहीत होतं, तुम्हा पोरांना नाही." इतक्या वर्षांत मुलांना हे ठाऊक नव्हतं! त्यानंतर बापलेकांचं बोलणंच बदललं. आधी हवापाणी आणि तब्येत, एवढ्यावर फोन आटपायचा.

तर ह्या रविवारी गाडी नको. सोफ्यावर बसा, तू शेजारी. लांबण लावायची नाही. "आई, नोकरी गेली. शोधतोय. सध्या पैसे आहेत. पण मला भीती वाटतेय." शेवटचं वाक्य गाळू देऊ नकोस, आणि त्याच्यावर लगेच "होईल सगळं ठीक" असं पांघरूणही घालू नकोस. सासूबाई रडतील, नवस बोलतील, तासाभरात नणंदेला कळेल. कळू दे. सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटायची मात्र गरज नाही, आणि फेसबुकवर तर मुळीच नको.

आता तुझं. एका ओळीत "मी खंबीर आहे, मला काही होत नाही" आणि खाली "रात्री तीनला जाग येते, मग झोप नाही." ह्यातलं खरं कोणतं? खंबीरपणाचं बक्षीस कुणी देत नाही गं. तुला काय वाटतंय ते नवऱ्यापाशी तरी बोल. आणि दोघांपैकी कुणालाही अगदीच असह्य झालं, तर ९८८ वर, तिकडच्या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनवर, फोन किंवा मेसेज करायचा, कुठल्याही वेळी. त्यात कमीपणा नाही.

राहिलेलं पटापट. कंपनीचा आरोग्यविमा कोब्राखाली (नोकरी गेल्यावरही तो विमा आपल्या पैशाने काही काळ चालू ठेवू देणारा अमेरिकी कायदा) चालू ठेवायचा का, हे ठरवायलाही साधारण ६० दिवस असतात. महाग पडतो, पण मुदत पाहून ठेवा. लेकीची मराठी शाळा चालू ठेव, गृहपाठ राहिला तर राहू दे. गणपतीला तुझ्याकडे लागलेले उकडीचे मोदक फ्रोजन आण, आणि कुणी विचारलं तर फ्रोजन आहेत म्हणून सांग. पुण्याच्या फ्लॅटच्या भाडेकरूशी भांडण्याआधी करार नोंदवलेला आहे का ते बघ. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे कायद्याने ती नोंदणी घरमालकाने करायची असते, आणि पत्रावरून मला शंका येते की तुम्ही नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागवलंय.