एक स्टार आणि तेवीस चिठ्ठ्या

"मॅडम, लोक इतकं वाईट कसं बोलू शकतात?" मी समुपदेशन करते. छोटा व्यवसाय करणारं कुणीही समोर बसलं की पहिल्या दहा मिनिटांत हे वाक्य येतंच. ब्लाउज शिवणारी असो, केक करणारी असो, मोबाइल दुरुस्त करणारा असो की कोकणात होमस्टे चालवणारं जोडपं. माल वेगळा, वाक्य तेच. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं : "बंदच करून टाकावं असं वाटतं."

म्हणून ही एका फराळवाल्या ताईंची गोष्ट. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत, आणि आठ बैठकांतलं थोडंच इथे घेतलंय.

ताई चिंचवडला घरून फराळ करून विकतात. भाजणीची चकली, अनारसे, पातळ पोह्यांचा चिवडा. दिवाळीत हाताखाली चार बायका. मागच्या वर्षी मागणी एकदम वाढली आणि गूगलवर एक-एक स्टार पडायला लागले. त्यातच इन्स्टाग्रामवर एक बिनफोटोचं खातं त्यांच्या प्रत्येक रीलखाली हजर. "घाणेरडं स्वयंपाकघर", "बाई लुटते", आणि पुढे इथे लिहिण्यासारखं नाही ते. ताईंची झोप गेली. रात्री दोन वाजता उठून त्या उत्तरं लिहायच्या. तेल कोणतं वापरतो, अन्नपरवान्याचा नोंदणी क्रमांक काय, ओटा दिवसातून किती वेळा पुसतो, सगळं. पहाटे पाचला भाजणी मळायला उभ्या.

पहिल्या दोन बैठका रडण्यात आणि रागात गेल्या. त्या जाऊ द्याव्या लागतात. ज्या हातांचं कौतुक ऐकत माणूस वाढलेलं असतं, त्याच हातांना कुणी घाणेरडं म्हटलं की ते अंगाला लागतं. "दुर्लक्ष करा" हा सल्ला घरच्यांनी शंभरदा दिलेला असतोच. आपण एकशे एकावा द्यायचा नाही.

तिसऱ्या वेळी त्यांना सगळी वाईट वाक्यं छापून आणायला सांगितली होती. कागद आला. मी कात्री दिली. "एका वाक्याची एक चिठ्ठी. नाव कापून टाका, स्टार कापून टाका. फक्त वाक्य ठेवा." तेवीस चिठ्ठ्या झाल्या. "आता तीन ढीग. मालाबद्दल, व्यवहाराबद्दल आणि तुमच्याबद्दल."

त्यांनी पहिली चिठ्ठी उचलली आणि हातातच धरून ठेवली. त्या खात्याचीच होती. 'हिच्याकडचं खाऊ नका, घाणेरडी बाई.'

"ही मालाबद्दल," त्या म्हणाल्या.

"यात चकली कुठे आहे?"

त्यांनी पुन्हा वाचलं. चष्मा वर करून परत वाचलं. "नाहीये."

"चिवडा?"

"नाहीये." बराच वेळ गेला. पंख्याने चिठ्ठ्या उडत होत्या, त्यांनी पाण्याचा पेला वर ठेवला. मग एकदम म्हणाल्या, "अहो, मग मी याला तेलाचं नाव का सांगत बसले?"

आणि हसल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा.

पण खरी गोष्ट हसण्याच्या पुढे होती. ढीग पूर्ण झाले. 'तुमच्याबद्दल'मध्ये अकरा, त्यातल्या नऊ त्या एकाच खात्याच्या. व्यवहाराच्या पाच. मालाच्या सात. आणि त्या सातांपैकी पाच चिठ्ठ्या वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगत होत्या : चकली दुसऱ्याच दिवशी मऊ पडली.

मी विचारलं, "या पाच जणांना काय उत्तर दिलंत?" तिघांना काहीच नाही. दोघांना, 'आमची चकली कधीच मऊ नसते.' आणि त्या बिनफोटोच्या खात्याला? फोनमध्ये मोजलं. एकतीस उत्तरं. त्याने कधी पाव किलो शेवसुद्धा घेतलेली नव्हती.

इतक्या जणांचं ऐकल्यावर हे मला पक्कं दिसतं. आपलं उत्तर जो बोचतो त्याच्याकडे आधी जातं. ज्याचं म्हणणं खरं असतं तो वाट बघत बसतो आणि शेवटी दुसऱ्याकडून फराळ घेतो. ट्रोलमुळे धंद्याचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा असं, आडवाटेने.

चकलीचं कारण ताईंना तिथेच खुर्चीत सापडलं. त्यासाठी त्यांना माझी गरज नव्हती. गर्दीत बायका चकल्या कोमट असतानाच पाकिटात भरून सील करत होत्या. आतली वाफ बाहेर जायला वाट नाही, ती चकलीतच मुरते. शिवाय घाईत मोठ्या आचेवर तळलं की बाहेरून रंग येतो आणि आत ओल राहते. तेलातले बुडबुडे शांत व्हायच्या आत चकली काढली की ती मऊ पडणारच. "आठवी इयत्तेपासून माहितीये मला हे," त्या स्वतःवरच चिडून म्हणाल्या. माहीत होतं. पण कुणी म्हटलं की कानात शिरत मात्र नव्हतं.

का शिरत नव्हतं? मी ज्या विचाराने काम करते तो अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा, आपल्याकडे डॉ. कि. मो. फडके यांनी रुजवलेला. त्यात इच्छा आणि हट्ट यांत फरक करतात. 'माझा फराळ लोकांना आवडावा' ही इच्छा. 'माझा फराळ सगळ्यांना आवडलाच पाहिजे' हा हट्ट. मराठीत हा फरक एका अक्षरात पकडता येतो. ताईंच्या बोलण्यात 'च' फार होता. आवडलाच पाहिजे, बोलायलाच नको, माझी चकली चांगलीच असते. आणि त्या 'च'मागे : कुणी चकलीला नाव ठेवलं म्हणजे मलाच नाव ठेवलं. मग खरी तक्रारही शिवीसारखीच ऐकू येते, आणि दोन्ही एकाच ढिगात जातात. या 'च'कडे कान लावायची सवय झाली की निम्मं काम होतं, असं मी विद्यार्थ्यांना सांगते.

आता करायचं काय, ते. ताईंनी केलं तेच सांगते, कारण ते बहुतेकांना लागू पडतं.

मालाच्या तक्रारीला चोवीस तासांच्या आत उत्तर. तीन वाक्यं पुरतात : काय चुकलं, मी काय करते आहे, तुम्ही मला या नंबरवर कळवा. 'चकली गरम असताना भरली गेली, म्हणून मऊ पडली. तुमचं पाकीट बदलून देते. फोन केलात तर वेळ ठरवू.' गूगलवरचं उत्तर लिहायचं तक्रार करणाऱ्याला, पण वाचणार तिसराच, पुढच्या महिन्यात ऑर्डर देणारा. म्हणून त्यात बाजू मांडत बसायचं नाही आणि ग्राहकाचा नंबर, पत्ता किंवा चॅटचा स्क्रीनशॉट चुकूनही टाकायचा नाही. ताईंनी एकदा टाकला होता, तो आधी काढायला लावला. आणि 'रिव्ह्यू काढा, मग पैसे देते' असं म्हणायचं नाही; गूगलच्या नियमांत ते बसत नाही. मावसबहिणींकडून एका संध्याकाळी दहा पाच-स्टार टाकून घेणं हेही त्यातलंच, आणि ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

कधीच न घेतलेल्या माणसाचा रिव्ह्यू असेल, किंवा शिवीगाळ असेल, तर गूगलवरच्या आपल्या बिझनेस प्रोफाइलमधून कारण निवडून गूगलला कळवायचं. नुसता वाईट आहे म्हणून गूगल काढत नाही. नाकारलं तर एकदा अपील करता येतं. रोज रोज बटण दाबून काही होत नाही, फक्त आपली जखम ओली राहते.

इन्स्टाग्रामवर त्या खात्याला आधी रिस्ट्रिक्ट केलं. मग त्याच्या नव्या कमेंट त्यालाच दिसतात, इतरांना नाहीत, आणि त्याला ते कळवलंही जात नाही. ब्लॉक केलं की त्याला समजतं आणि नवं खातं निघतं; ब्लॉक करताना 'याने काढलेली नवी खातीही' हा पर्याय असतो, तो निवडावा. नको ते शब्द असलेल्या कमेंट लपवणारी शब्दांची गाळणी तिथे असते, तिच्यात शिव्या घालून ठेवायच्या, देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांतही. मराठी शिवी इंग्रजी अक्षरांत चार प्रकारे लिहिली जाते, चारही घालाव्या लागतात. हे काम ताईंच्या भाच्याने केलं. त्या शब्दांची यादी करताना मामी-भाच्याची फार करमणूक झाली म्हणे.

एक ढीग मात्र चाळायचा नसतो. जिवाची किंवा अब्रूची धमकी, फोटोची मोडतोड, घराचा पत्ता टाकणं. तिथे उत्तर नाही. स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यात तारीख-वेळ आणि खात्याचं नाव दिसायला हवं, लिंक वेगळी जपायची, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करायची. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, लोक गल्लत करतात. 'सहासष्ट-अ लावा' असं सांगणारे अजून भेटतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलंय. धमकी, पाठलाग, स्त्रीचा अवमान यांसाठी आता भारतीय न्याय संहितेत कलमं आहेत.

व्यवहाराच्या पाच चिठ्ठ्या सगळ्यांत सोप्या निघाल्या, कारण पाचही 'आधी सांगितलं नव्हतं' या जातीच्या होत्या. ताई तोंडी ऑर्डर घ्यायच्या. आता व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरांत, चार ओळी आहेत : निम्मी रक्कम आगाऊ, रद्द करायचं तर ४८ तास आधी, तक्रार माल मिळाल्यापासून २४ तासांत फोटोसह, पोचवायचा खर्च वेगळा. ऑर्डर आली की हे आधी जातं आणि 'मान्य' आल्याशिवाय पीठ भिजत नाही. 'कमी करा, नाहीतर रिव्ह्यू टाकते' म्हणणाऱ्या एक काकू होत्या, त्यांच्यासाठी आम्ही वाक्य बसवलं : "काकू, भाव हाच आहे. रिव्ह्यू तुम्ही तुमच्या मनाने लिहा." ते ताईंनी माझ्यासमोर सात वेळा म्हटलं. पहिल्या चार वेळा शेवटी "सॉरी हं" येत होतं.

फोनवर ओरडणाऱ्यासाठी दुसरं : "मी ऐकलं. दहा मिनिटांनी मीच फोन करते." आणि दहाव्या मिनिटाला खरंच करायचा. न केल्यास पुढचा आरडाओरडा रास्त ठरतो.

या दिवाळीत ताईंनी मऊ चकलीची तक्रार करणाऱ्या त्या पाचही जणांना, न मागता, अर्धा अर्धा किलो चकली पाठवली. चौघांनी काहीच कळवलं नाही. पाचव्या बाईंचा मेसेज ताईंनी मला वाचून दाखवला : 'आता मस्त कुरकुरीत. तिखट जरा कमी वाटलं.'

"मग?" मी विचारलं.

"मालाच्या ढिगात," त्या म्हणाल्या, आणि बाकीच्या चिठ्ठ्या ज्या डब्यात ठेवल्या होत्या तो पर्समधून काढला.