स्टेशनजवळच्या 12 मजली इमारतीवर लक्ष ठेवताना

आपण पुण्यात नोकरी करता, बेळगाव रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर उभ्या राहत असलेल्या 12 मजली इमारतीत फ्लॅट घेतला आहे, आठ स्लॅब पडले आहेत आणि महिन्यातून एकदा गावी आल्यावर काम खरोखर पुढे सरकते आहे की नाही हे कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. मी स्वतः टिळकवाडीत चालू बांधकामातच फ्लॅट घेतला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

स्लॅब मोजत बसू नका. सांगाडा हा इमारतीचा सर्वांत झपाट्याने वाढणारा आणि गोगटे सर्कलवरूनही सहज दिसणारा भाग असतो. शिवाय हप्ते बहुधा स्लॅबनुसारच ठरलेले असल्याने घाईही तिथेच होते. शेवटचा स्लॅब पडेपर्यंत खरेदीदाराची बहुतांश रक्कम गेलेली असते आणि गिलावा, नळकाम, वायरिंग, लिफ्ट, आग विझवण्याची यंत्रणा ही वेळखाऊ कामे मात्र पुढेच असतात. आमच्या इमारतीचा सांगाडा 14 महिन्यांत उभा राहिला आणि त्यानंतर दोन वर्षे आम्ही लिफ्टच्या रिकाम्या खड्ड्यात डोकावत होतो. बिल्डरला विचारले की उत्तर एकच मिळे, ‘माणसे मिळत नाहीत’.

स्लॅब पडत असताना पाहायचेच असेल, तर वर नव्हे, खाली पाहा. काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानक 456 प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबखालचे टेकू किमान 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस काढायचे नसतात. सहा मीटरहून लांब तुळयांखाली तर ते 21 दिवस राहावे लागतात. वरचा मजला ओतला जात असताना खालच्या मजल्यांवर टेकू उभे असतील, तर आठवड्याला एक स्लॅब पडला तरी घाबरण्याचे कारण नाही. तेच खाली सगळे मोकळे दिसले तर साइट इंजिनिअरला अवश्य विचारा. पाणी मारण्याचेही तसेच आहे. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला 10 दिवस ओलावा लागतो, आणि एप्रिलच्या उन्हात दुपारी बारा वाजता कोरडा ठणठणीत दिसणारा कालचा स्लॅब पुष्कळ काही सांगून जातो. 28 दिवसांच्या क्यूब चाचणीचे, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून त्याची ताकद तपासल्याचे, अहवाल मागण्यात संकोच करू नका.

फोटो दर महिन्याला एकाच जागेवरून काढा. नातेवाइकांची गच्ची सर्वांत सोयीची. सांगाडा पूर्ण झाल्यावर त्या फोटोंत भिंती किती मजल्यांपर्यंत चढल्या, बाहेरचा गिलावा कुठवर आला आणि खिडक्यांच्या चौकटी बसल्या का, एवढेच पाहायचे. सलग दोन महिन्यांच्या फोटोंत फरक दिसेना, की समजावे काम थंडावले आहे.

आता कागदांकडे वळू. 2016 च्या रेरा कायद्यानुसार, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार, खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि झालेल्या कामाच्या प्रमाणातच, इंजिनिअर, आर्किटेक्ट व चार्टर्ड अकाउंटंट या तिघांच्या दाखल्यावर, ती काढता येते. कर्नाटक रेराच्या, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर बिल्डरने दर तीन महिन्यांनी प्रगती नोंदवायची असते. ती नोंद आणि आपले फोटो शेजारी ठेवून पाहा. मंजूर नकाशे आणि टप्प्यांचे वेळापत्रक मागण्याचा हक्क आपल्याला आहेच. आपल्याकडची अडचण अशी की महापालिकेची आणि बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) कागदपत्रे कन्नडमध्ये असतात आणि आपल्यातले पुष्कळजण न वाचताच मान हलवून सही करतात. कन्नड वाचणारा एखादा विश्वासू माणूस सोबत न्या. एका दुपारचा प्रश्न आहे.

पावसाळ्याची एक भेट मात्र चुकवू नका. भिंती झाल्यानंतरच्या पहिल्या आषाढात, पश्चिमेचा वारा पाऊस झोडपत असताना, आपल्या फ्लॅटच्या पश्चिमेकडच्या भिंती, खिडक्यांचे कोपरे, न्हाणीघराच्या खालचे छत आणि तळमजल्याखालचे पार्किंग पाहून घ्या. ओल तेव्हा दिसली तर दुरुस्ती स्वस्तात होते, रंग लागल्यावर ती लपते. बांधकामातील दोषांसाठी ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे बिल्डर जबाबदार असतो हे खरे, पण राहत्या घरातली भिंत फोडून घेणे किती त्रासाचे असते ते मी अनुभवले आहे. त्याच मुक्कामात एका रात्री तिथे थोडा वेळ थांबून गाड्यांचा आवाजही ऐका; स्थानक जवळ आहे या आनंदात ही गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती.

ताबा घेण्याची घाई करू नका. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) पाहिल्याशिवाय वीज, पाणी व सांडपाण्याची जोडणी देऊ नये असे निर्देश दिले आहेत. त्यामुळे ‘आधी राहायला या, ओसी मागून येईल’ असे कोणी सांगू लागले, तर बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर किती दिवस काढायचे आणि हेस्कॉम या वीज कंपनीचे कायमचे मीटर कधी मिळणार, हे त्याच्याकडून लेखी घ्या आणि तोवर शेवटचा हप्ता हातचा सोडू नका.