सिम्बॉल टाकला, पण कॉइन कुठलं आलं?

सिम्बॉल, म्हणजे कॉइनचा छोटा कोड, टाकून क्रिप्टोचे भाव बघायची टूल्स आता खान्देशात गावोगावच्या मोबाइलमध्ये आहेत. त्यांच्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही आज घेतोय.

चोपडा : एकाच सिम्बॉलची तीन-चार कॉइन खाली येतात. खरं कुठलं समजायचं?

जास्तीत जास्त माणसं इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. भुसावळ स्टेशनचा कोड बीएसएल, जळगावचा जेएल. तो दुसऱ्या स्टेशनाला मिळत नाही, कारण कोड देणारी रेल्वे एकच आहे. शेअर बाजारातही एक्सचेंज सिम्बॉल ठरवून देतं. क्रिप्टोत असा नोंदणी करणारा कुणीच नाही. इथेरियम ही एक ब्लॉकचेन, म्हणजे व्यवहारांची सामाईक डिजिटल वही. तिच्यावर कुणीही टोकन, म्हणजे स्वतःचं कॉइन, काढावं आणि त्याला हवा तो सिम्बॉल द्यावा. तो आधी कुणाचा आहे का, हे तिथे तपासलं जात नाही. आपल्याकडे नुसतं 'पिंपळगाव' म्हणून भागत नाही, पाचोऱ्याकडचं हरेश्वराचं असं पुढे सांगावं लागतं. सिम्बॉलचंही तसंच आहे.

मी स्वतः यात चुकलोय. 2022 च्या एप्रिलमध्ये टेरा या ब्लॉकचेनचं लुना हे कॉइन शंभर डॉलरच्या वर होतं. मेच्या मध्यापर्यंत ते एका सेंटच्याही खाली गेलं. मी तेव्हा एका शीटमध्ये नुसत्या सिम्बॉलवरून भाव आणत होतो. महिनाअखेरीस सकाळी शीट उघडली, तर लुनापुढे एकदम काही डॉलरचा आकडा. दोन मिनिटं मला खरंच वाटलं की कॉइन सावरलं. घडलं होतं वेगळंच. 28 मेला टेराची नवी ब्लॉकचेन सुरू झाली, लुना हा सिम्बॉल नव्या कॉइनकडे गेला आणि जुनं कॉइन लुना क्लासिक झालं, सिम्बॉल एलयूएनसी. माझी शीट जुन्या मालापुढे नव्या मालाचा भाव मांडत होती.

तेव्हापासून मी सिम्बॉल फक्त शोधायला वापरतो. यादी आली की आधी पूर्ण नाव वाचा, मग कुठल्या ब्लॉकचेनवरचं आहे ते बघा. टोकन असेल तर कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेस, म्हणजे त्या टोकनचा ब्लॉकचेनवरचा पत्ता, जुळवा. इथेरियमवर तो शून्य-एक्सने (0x) सुरू होतो आणि 42 अक्षरांचा असतो. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळली म्हणून थांबू नका, सगळा जुळवा. आणि तो त्या प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेला घेऊ नका. बिटकॉइनला असा कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेस नसतो, ते स्वतःच्याच ब्लॉकचेनवर आहे. त्याचा सिम्बॉल मात्र बहुतेक ठिकाणी बीटीसी आणि काही ठिकाणी एक्सबीटी दिसेल. दोन्ही एकच.

रावेर : दोन ठिकाणी बिटकॉइनचे दोन भाव दिसतात. रुपयात तर फरक आणखी वाढतो. टूल चुकतंय का?

नाही, भाऊ. तुम्ही केळीवाले, तुम्हाला हे लगेच पटेल. एकाच दिवशी रावेरचा भाव वेगळा, बऱ्हाणपूरचा वेगळा, आणि त्यातही नवती की कांदेबाग ते विचारावं लागतं. बिटकॉइनचाही एकच एक भाव नसतो. कॉइनगेको किंवा कॉइनमार्केटकॅप या भाव दाखवणाऱ्या साइट अनेक एक्सचेंजचे भाव घेऊन, जिथे उलाढाल जास्त त्याला जास्त वजन देऊन सरासरी काढतात. एक्सचेंजचं ॲप फक्त तिथला शेवटचा सौदा दाखवतं. रुपयाचा आकडाही दोन तऱ्हेने येतो : डॉलरचा भाव गुणिले बँकेचा दर, किंवा भारतीय एक्सचेंजवर रुपयात झालेला खरा सौदा. आपल्याकडे यूएसडीटी, म्हणजे एका डॉलरशी बांधलेलं कॉइन, पुष्कळदा बँकेच्या डॉलरपेक्षा महाग असतं, म्हणून दुसरा आकडा वर दिसतो. विकायचं असेल तर तुमच्या एक्सचेंजवर घेणारा काय देतोय तेवढंच बघा.

'24 तासांतला बदल' कालच्या बंद भावाशी मोजलेला नसतो, हेही लक्षात असू द्या. हा बाजार बंदच होत नाही. तुलना काल याच वेळेच्या भावाशी असते.

धुळे, कॉलेज विद्यार्थिनी : शिबा इनू एका पैशाहूनही स्वस्त आहे. एक रुपया झालं तर?

ताई, भावाच्या शेजारचे दोन आकडे बघ : सर्क्युलेटिंग सप्लाय आणि मार्केट कॅप. बाजारात फिरणारी कॉइन गुणिले भाव म्हणजे मार्केट कॅप. शिबा इनूची सुमारे 589 लाख कोटी कॉइन बाजारात आहेत. एक रुपया भाव म्हणजे मार्केट कॅप 589 लाख कोटी रुपये. आपल्या देशाचा 2024-25 चा जीडीपी सुमारे 330 लाख कोटी होता. आता तूच मांडून बघ. उलट बिटकॉइन कधीच 2 कोटी 10 लाखांच्या पुढे जाणार नाही, म्हणून एकाचा भाव एवढा मोठा दिसतो. डोजकॉइनला कमाल मर्यादाच नाही, दरवर्षी 500 कोटी नवी येतात. भाव स्वस्त की महाग हे नुसत्या किमतीवरून ठरवू नकोस. दहा हजारांत लाखो कॉइन आली तरी तुझे पैसे दहा हजारच आहेत.

अमळनेर : टूलमध्ये दिसणारा नफा रिटर्नमध्ये धरायचा का?

नाही. तुमच्या प्रत्यक्ष खरेदी-विक्रीचा हिशेब धरायचा. नफ्यावर 30 टक्के कर, वर सेस. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापला जातो. एक्सचेंजवरून स्टेटमेंट काढून सीएकडे द्या.

भुसावळ : टेलिग्राम ग्रुपवरच्या लिंकमध्ये माझे पैसे अडीचपट दिसतात. तो सिम्बॉल दुसऱ्या कुठल्याच टूलमध्ये नाही. काढायला गेलो तर आधी 20 टक्के टॅक्स भरा म्हणतात.

दादा, एक रुपयाही आणखी पाठवू नका. पैसे काढण्याआधी ॲपवाल्याच्या खात्यात टॅक्स भरायचा, असा आपल्याकडे नियम नाही. टीडीएस विक्रीच्या रकमेतूनच कापतात. त्या पानावरचा आकडा हा बाजारभाव नव्हे, त्यांनीच टाईप केलेली संख्या आहे. हे वाचून झाल्याबरोबर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उद्यावर ढकलू नका. पैसे पुढे सरकण्याआधी तक्रार गेली तर बँकेला ते गोठवता येतात. पैसे पाठवलेल्या प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), वॉलेट ॲड्रेस आणि ग्रुपमधल्या चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. ग्रुपमधून बाहेर पडायच्या आधी ते काढा, नंतर चॅट दिसत नाही.