बटण दाबल्यावर विंच नुसती 'टक्' करते: मोटर बदलण्याआधी व्होल्टेज मोजा

तुमच्या गाडीच्या पुढच्या बंपरवरची 12 व्होल्टची विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे विजेचे यंत्र, बरेच महिने वापरात नव्हती; आता रिमोटचे बटण दाबले की कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचा, 'टक्' असा आवाज येतो, पण दोर गुंडाळणारा ड्रम हलत नाही. मेकॅनिकने केबल तपासून त्या चांगल्या असल्याचे सांगितले आहे आणि मोटर बदलायला सुचवले आहे. मोटर बदलावी का, आणि पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून देखभाल कशी ठेवावी, असे तुम्ही विचारले आहे.

मोटर एवढ्यात बदलू नका. मेकॅनिकने केबल तपासल्या म्हणजे नेमके काय केले, हे आधी त्याला विचारा. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे तार अखंड असली की वाजणाऱ्या सेटिंगवर, लावून त्याने बीप ऐकला असेल आणि तेवढ्यावर केबल चांगल्या ठरवल्या असतील, तर त्याने विंचच्या दृष्टीने काहीच तपासलेले नाही. हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण याच मुद्द्यावर आमच्या गटात झालेला वाद मला अजून बोचतो.

आमच्या ऑफ-रोडिंगच्या गटात एक ज्येष्ठ सहकारी आहेत. त्यांचा अनुभव मोठा आहे आणि गाडीच्या बाबतीत त्यांचा शब्द सहसा कोणी खाली पडू देत नाही. एका चिखलाच्या चढावर गटातल्या एका गाडीची चाके ॲक्सलपर्यंत रुतली. चालकाने दोर झाडाला बांधला, बटण दाबले, आणि तुमच्याकडे येतो तसाच 'टक्' आवाज आला. सहकाऱ्यांनी मल्टीमीटर काढला, पॉझिटिव्ह केबलच्या दोन टोकांना टोचला, बीप आला; अर्थच्या, म्हणजे निगेटिव्ह बाजूच्या, केबलला टोचला, तिथेही बीप आला. "तारा ठणठणीत आहेत, मोटर जळली," असा निकाल त्यांनी तिथल्या तिथे दिला. बटण दाबलेले असताना व्होल्टेज मोजावे, असे मी सुचवले, तेव्हा "तू उगाच तारांच्या मागे लागली आहेस, तार बीप देते म्हणजे विषय संपला," असे उत्तर मिळाले. गाडी दुसऱ्या गाडीने पट्टा लावून ओढून काढली. पुढे मालकाने त्यांच्या सांगण्यावरून नवी मोटर आणली, ती बसवली, आणि बटण दाबल्यावर पुन्हा तोच 'टक्' ऐकू आला. मग संशय कॉन्टॅक्टरवर गेला आणि तोही बदलला गेला. फरक काहीच पडला नाही. एवढा खर्च झाल्यावर ती गाडी माझ्याकडे आली.

मी प्रथम विंचचा क्लच मोकळा केला, म्हणजे मोटर फिरली तरी ड्रम आणि दोर जागेवर राहावेत. बॅटरीच्या शिशाच्या दोन खांबांवर मीटर लावला तेव्हा 12.6 व्होल्ट दिसले. बटण दाबल्यावर ते जेमतेम 12.3 झाले. मोटर जळली आहे की नाही या प्रश्नाचे बरेचसे उत्तर याच आकड्यात होते. मोटर अडकली असती किंवा तिच्या आत शॉर्ट असता, तर तिने शेकडो अँपियर ओढले असते आणि बॅटरी धाडकन खाली आली असती. बॅटरी हललीच नाही, याचा अर्थ प्रवाह वाहतच नव्हता. वाटेत कुठेतरी तो अडत होता. मग मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरा मोटरच्या अर्थच्या बोल्टवर ठेवून बटण दाबले. या दोन बिंदूंमध्ये जवळपास शून्य दिसायला हवे, तिथे 11 व्होल्टपेक्षा जास्त दिसले. बॅटरीचे जवळजवळ सगळे व्होल्टेज अर्थच्या केबलवरच खर्च होत होते आणि मोटरच्या वाट्याला काही उरत नव्हते.

केबल बाहेरून अगदी देखणी होती. लगवर, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर, गरम केल्यावर आवळणारी काळी हीट-श्रिंक नळी घट्ट बसलेली, बोल्ट आवळलेला, गंजाचा मागमूस नाही. नळी ब्लेडने उभी चिरली, तेव्हा आतून हिरवट पूड गळाली. लगच्या नळकांड्यात तांब्याच्या तारा काळ्या पडल्या होत्या आणि नखाने ओढताच जळक्या वातीसारख्या तुटून हातात आल्या. बाहेरच्या बाजूच्या मोजक्या तारा तेवढ्या लगला टेकून होत्या. क्रिंप करताना लग नीट दाबलाच गेला नव्हता; त्या फटीतून ओल आत शिरली आणि वरच्या नळीमुळे ती बाहेर पडू शकली नाही. केबलचे सडलेले टोक कापून चकचकीत तांबे उघडे केले, हायड्रॉलिक क्रिंपरने नवा लग दाबला आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवली. त्यानंतर विंच चालली. काढून ठेवलेली जुनी मोटरही मी पुन्हा जोडून पाहिली. ती उत्तम फिरली.

बीपवर विसंबणे चूक का, हे साध्या गणिताने दिसते. सुमारे 4,300 किलो क्षमतेची विंच पूर्ण ताणाखाली 400 अँपियरच्या आसपास प्रवाह घेते, आणि बिनओझ्याची फिरतानाही 60-80 अँपियर घेते. वाटेत फक्त 0.01 ओहमचा अडथळा असेल, तर 400 अँपियरला 4 व्होल्ट तिथेच नाहीसे होतात आणि त्या एका सांध्यावर 1,600 वॉट उष्णता तयार होते. साधा मल्टीमीटर 0.1 ओहमपेक्षा बारीक फरक दाखवत नाही, आणि त्याच्या स्वतःच्या प्रोबच्या तारांचाच रोध त्याहून जास्त असू शकतो. बझर तर 1 ओहमलाही खुशाल वाजतो, आणि वाटेत 1 ओहम असेल तर 12 व्होल्टच्या बॅटरीतून जास्तीत जास्त 12 अँपियर जातील; तेवढ्यात विंचची मोटर कूसही बदलणार नाही. तार तुटलेली नाही, एवढेच बीप सांगतो. ती ओझे पेलेल की नाही, हे तिच्यातून ओझ्याचा प्रवाह जात असतानाच कळते.

म्हणून तुम्ही पुढील क्रमाने मोजा. क्लच मोकळा ठेवा, इंजिन बंद ठेवा, आणि प्रत्येक वेळी बटण दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका. पहिले मोजमाप बॅटरीच्या दोन खांबांवर घ्या. बटण दाबताच व्होल्टेज 9 च्या खाली कोसळत असेल, तर आधी बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची लोड टेस्ट, म्हणजे ओझ्याखालची चाचणी, करून घ्या. ती चांगली निघाली तरच मोटर अडकल्याचा किंवा आत शॉर्ट असल्याचा विचार करा. बॅटरी कमजोर असली की कॉन्टॅक्टर एकदा 'टक्' करण्याऐवजी बहुधा तडतड वाजतो, कारण व्होल्टेज पडल्यावर तो सुटतो आणि सावरल्यावर पुन्हा ओढला जातो. व्होल्टेज जेमतेम हलत असेल, तर दोष बॅटरीच्या पुढच्या वाटेत आहे. मग निगेटिव्ह खांब ते मोटरचा अर्थ बोल्ट, पॉझिटिव्ह खांब ते आयसोलेटर स्विच (विंचची वीज पूर्ण तोडणारा), स्विचच्या दोन बाजू, तिथून कॉन्टॅक्टरचा मुख्य बोल्ट, आणि शेवटी कॉन्टॅक्टर ते मोटर असे एकेक टप्पे बटण दाबून मोजत जा. ज्या टप्प्यावर व्होल्टेज दिसेल, तिथे दोष आहे. प्रोब लगवर न ठेवता खांबावर आणि बोल्टवर टेकवा, म्हणजे त्यांच्यातला सांधाही मोजमापात येतो; बॅटरीच्या क्लॅम्पखाली साचलेला पांढरा थर हा नेहमीचा गुन्हेगार आहे. चांगल्या वायरिंगमध्ये पूर्ण ओझ्याखालीही कोणत्याही एका केबलवर अर्ध्या व्होल्टहून फारसे जास्त पडू नये. अर्थची केबल बंपरला किंवा चॅसीला जोडलेली असेल, तर ती काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत न्या. रंगवलेल्या पत्र्यातून 400 अँपियर परत आणण्याची अपेक्षा ठेवणे हा निष्काळजीपणा आहे, मग तो कारखान्यात झालेला असो की गॅरेजमध्ये.

सगळे टप्पे स्वच्छ निघाले आणि मोटरच्या बोल्टपर्यंत 12 व्होल्ट पोचूनही ती फिरत नसेल, तरच मोटरकडे वळा. बराच काळ न चाललेल्या मोटरमध्ये कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कोळशाचे ठोकळे, आपल्या खाचेत गंजून अडकतात आणि कम्युटेटरला, म्हणजे त्या भागावरच्या तांब्याच्या कड्याला, टेकत नाहीत. दुसऱ्याला बटण दाबायला सांगून मोटरच्या अंगावर लाकडी दांड्याने हलके ठोका. ती अचानक फिरू लागली तर ब्रश अडकले होते हे नक्की समजा. तेवढ्यावर न थांबता मोटर उघडा, ब्रश खाचेत सहज सरकतात का आणि स्प्रिंग ताठ आहेत का ते पाहा, कोळशाची पूड झटका आणि कम्युटेटर बारीक सँडपेपरने उजळा. एमरी पेपर मात्र वापरू नका, कारण त्याचे कण वीजवाहक असू शकतात आणि कम्युटेटरच्या फटींत अडकून राहतात.

देखभालीत बहुतेक लोक ग्रीसपासून सुरुवात करतात, आणि आमच्या त्या सहकाऱ्यांचाही जोर ग्रीसवरच असतो. ग्रहमाला पद्धतीच्या गिअरबॉक्समध्ये कारखान्यात भरलेले ग्रीस सामान्य वापरात दीर्घकाळ पुरते. गिअरबॉक्स पाण्याखाली गेला असेल किंवा आतून खरखर येत असेल, तेव्हाच तो उघडावा. ड्रमच्या आत बसणाऱ्या ब्रेकला ग्रीस लागता कामा नये, नाहीतर दोरावर ताण असताना ओझे मागे घसरू लागते. खरी देखभाल वीजजोडण्यांची आहे. लग आणि बोल्ट काढून घासा, पुन्हा आवळा, रिमोटच्या सॉकेटच्या पिना पुसून त्यांना डायइलेक्ट्रिक (वीजरोधक) ग्रीस लावा, आणि विंच लागो वा न लागो, महिन्यातून एकदा दोर थोडा सोडून हलक्या ओझ्याखाली परत गुंडाळा. त्याने ब्रश खाचेत हलते राहतात आणि मोटर आतून कोरडी होते. गाडी पाण्यातून गेली असेल तर त्याच दिवशी हे करा. तापलेली मोटर गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. गंजाची सुरुवात तिथून होते.

वापराच्या सवयीही देखभालीतच मोडतात. सलग मिनिटभर जड ओढले की थांबा आणि मोटरला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल इतकी ती तापली असेल तर तिला निवू द्या. इंजिन चालू असले तरी त्यावर वीज बनवणारा अल्टरनेटर 400 अँपियर पुरवू शकत नाही. उरलेला सगळा भार बॅटरी उचलते, म्हणून तिलाही विसावा लागतो. विंचवर छापलेली क्षमता ड्रमवरच्या दोराच्या पहिल्या थरापुरतीच खरी असते आणि वरच्या प्रत्येक थरागणिक ती घटत जाते. म्हणून दोर जास्तीत जास्त सोडून ओढा, फक्त ड्रमवर किमान पाच वेढे राहू द्या, आणि सिंथेटिक दोर असेल तर आठ ते दहा. स्नॅच ब्लॉक, म्हणजे दोर वळवून परत आणणारी कप्पी, लावला की वेग निम्मा होतो, पण मोटरवरचा ताणही निम्म्यावर येतो; माझ्या मते ज्या गाडीला विंच आहे तिच्यात स्नॅच ब्लॉक असलाच पाहिजे. सिंथेटिक दोर वापरल्यावर पाण्याने धुवा, कारण आत शिरलेली रेती धागे आतून कापते. ब्रेक ड्रमच्या आत असेल तर ताणाखाली दोर फार वेळ उलटा सोडू नका. ड्रम तापतो आणि ती उष्णता या दोराला सोसत नाही.

ते सहकारी आजही ती केबल अपवाद होती असे म्हणतात. मला हे मान्य नाही. 'मोटर गेली' म्हणून माझ्यासमोर आलेल्या विंचपैकी बहुतेकींचा दोष लग, अर्थ, कॉन्टॅक्टर किंवा ब्रश यांपैकी एकात निघाला आहे, आणि बटण दाबून व्होल्टेज मोजायला जेवढा वेळ लागतो, तेवढा मोटरचे बोल्ट सैल करायलाही पुरत नाही. नवी मोटर बसवताना केबल हलतात, बोल्ट नव्याने आवळले जातात, त्यामुळे कुजका सांधा काही दिवस तात्पुरता जुळतो आणि मोटर बदलणाऱ्याला आपले निदान बरोबर होते असे वाटते. तुमच्या मेकॅनिकला हे सांगा, आणि आकडा दाखवल्याशिवाय मोटर मागवू देऊ नका.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. पॉझिटिव्ह बाजूच्या बोल्टवर काम करताना प्रथम बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. या केबलना बहुधा फ्यूज नसतो आणि पाना बंपरला टेकला तर तो वितळू शकतो. मोटरला बॅटरीतून थेट वीज देऊन पाहायचे असेल, तर तिच्यावर किती बोल्ट आहेत ते आधी पाहा. कायमचुंबकाच्या मोटरला दोनच जोडण्या असतात. फील्ड कॉइल असलेल्या मोटरवर A, F1, F2 आणि अर्थ असे बोल्ट असतात, आणि तिथे A व F1 एकमेकांना जोडून F2 ला पॉझिटिव्ह द्यावे लागते. F1 आणि F2 ची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते. विंच एकाच दिशेने चालत असेल तर मोटर बहुतांशी निर्दोष असते. दोष रिमोटमध्ये किंवा कॉन्टॅक्टरच्या त्या बाजूला शोधा. आणि बटण सोडल्यावरही विंच चालूच राहिली, तर कॉन्टॅक्टरचे संपर्क वितळून चिकटलेले असतात; अशा वेळी रिमोटशी झटापट न करता आयसोलेटर बंद करावा लागतो. तुमच्या गाडीत आयसोलेटर नसेल, तर वाचलेल्या मोटरच्या पैशातून आधी तो बसवून घ्या.